वाद्याचें चित्र आणि वादकाचा हात

वाद्य ही वस्तु इतर वस्तूंहून थोडी निराळी आहे. तलवार म्यानांत असली तरी ती तलवारच असते. दागिना पेटींत असला म्हणून त्याचें मोल कमी होत नाहीं. वाद्य मात्र वाजेपर्यंत अर्धेंच असतें. लांकूड, भोपळा, कातडें आणि तारा हें त्याचें शरीर. त्या शरीराला बोलतें करणारे हात नाहींसे झाले, कीं मागें उरतें तें केवळ सुतारकाम. अशा वस्तूचें जतन करावयाचें तें कसें, हा प्रश्न आज मोठ्या निकडीनें आपणांपुढें उभा आहे. आणि त्याला एक सोपें उत्तरहि आपण शोधून ठेविलें आहे. प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेण्याचें यंत्र आहे. जत्रेंत गोंधळ्याचा संबळ वाजूं लागला, कीं वाजविणारा एक आणि त्याचें चित्र घेणारे पन्नास, असें दृश्य वाचकांनींहि पाहिलें असेल. चित्र घेतलें म्हणजे वस्तु राहिली, असा समज त्या पन्नास जणांच्या मनांत असतो. हा समज कितपत खरा आहे, तें वाद्यांच्या आणि छायाचित्रणाच्या इतिहासाकडे पाहूनच ठरविलें पाहिजे.

आवाज गेला आणि आकृति तेवढी उरली, हा प्रकार आपल्या देशांत छायाचित्राचा शोध लागण्याच्या पुष्कळ आधीं एकदां घडून गेला आहे. मध्य प्रदेशांतील भारहूत येथील स्तूपाच्या कठड्यावर, इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास, नाचणाऱ्या अप्सरा आणि त्यांच्या साथीला बसलेला वादकांचा मेळा कोरलेला आहे. त्या मेळांतील वीणा आजच्या वीणेसारखी नाहीं. तिला पडदे नाहींत कीं सरळ लांब दांडी नाहीं; धनुष्याप्रमाणें वांकलेला दांडा, त्याच्या एका टोकाशीं नावेच्या आकाराची पेटी, आणि दोहोंच्या मध्यें ताणलेल्या मोकळ्या तारा, अशी तिची घडण आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकांतील समुद्रगुप्ताच्या कांहीं सुवर्णनाण्यांवर तो सम्राट् अशीच वीणा मांडीवर घेऊन बसलेला दिसतो. पुढें पहिल्या सहस्रकाच्या अखेरीच्या सुमारास ही धनुष्याकृति वीणा देशाच्या बहुतेक भागांतून दिसेनाशी झाली. तिचें नांव मात्र मागें राहिलें, व तें अगदीं निराळ्या अंगाच्या वाद्यांस मिळालें. परिणाम असा झाला, कीं प्राचीन ग्रंथांत ‘वीणा’ हा शब्द भेटतांच आपल्या डोळ्यांपुढें सरस्वतीच्या हातांतील पडद्यांची वीणा उभी राहते, आणि ग्रंथकारानें सांगितलेल्या गोष्टी तिला जुळेनात, म्हणजे आपण बुचकळ्यांत पडतों.

हा घोटाळा उकलण्याच्या कामीं छायाचित्राचें मोठें साहाय्य झालें आहे. भारहूतचा शोध कनिंगहॅम यांस १८७३ सालीं लागला. तोंपर्यंत आसपासच्या लोकांनीं स्तूपाचे पुष्कळसे दगड घरें बांधण्यासाठीं नेले होते. जे उरले त्यांतील मोठा भाग कलकत्त्याच्या संग्रहालयांत नेण्यांत आला. १८७९ सालीं कनिंगहॅम यांनीं भारहूतवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत बेग्लर यांनीं घेतलेलीं छायाचित्रें होतीं. या घटनेचें महत्त्व एकदम ध्यानांत येत नाहीं. भारहूतचे दगड कलकत्त्यास, अमरावतीचे कांहीं मद्रासेस व कांहीं लंडनला, सांचीचीं तोरणें जागच्या जागीं, आणि समुद्रगुप्ताचीं नाणीं दहा संग्रहांत विखुरलेलीं, अशी स्थिति असतां या सर्वांवरील वीणा शेजारींशेजारीं ठेवून पाहणें छायाचित्राशिवाय कोणाच्याच हातचें नव्हतें. छायाचित्रानें हे सारे दगड एका मेजावर आणून ठेवले. क्लोदी मार्सेल-द्युबोआ या फ्रेंच विदुषीनें प्राचीन भारतांतील वाद्यांवर १९४१ सालीं पॅरिस येथें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा पाया शिल्पांतील व भित्तिचित्रांतील वाद्यांची अशी तुलना हाच आहे.

तरी पण ही वीणा आपणांस परत मिळाली ती कागदावर. तिच्या तारा कोणत्या स्वरांत लावीत, हें दगड सांगत नाहीं, आणि दगडाचें चित्र तर त्याहून सांगत नाहीं. याबाबतींत जें थोडेंबहुत बोलणारें आहे तें भलत्याच ठिकाणीं सांपडलें. मंडला जिल्ह्याकडील परधान लोकांत ‘बिनबाजा’ नांवाचें एक लहानसें पांच तारांचें वाद्य आहे, आणि तें त्याच धनुष्याकृति घराण्यांतील आहे. रॉडरिक नाइट या अमेरिकन अभ्यासकानें १९८५ सालीं त्यावर लेख लिहून विद्वानांचें लक्ष तिकडे वेधलें. राजांच्या नाण्यांवरून जें वाद्य नाहींसें झालें, तें गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधानानें आपल्या झोपडींत संभाळलें होतें. ब्रह्मदेशांत तर याच घराण्यांतील ‘सौंग’ आजहि मानानें वाजते. धनुष्याकृति वीणेवर हात कसा चालतो हें समजून घ्यावयाचें असेल, तर भारहूतच्या शंभर छायाचित्रांपेक्षां एका जिवंत वादकाशेजारीं घालविलेली एक दुपार अधिक उपयोगी पडेल.

चित्र एकटें असलें म्हणजे त्याचा भलता अर्थहि लागूं शकतो. लोणावळ्याजवळ भाजें येथील लेण्यांत एक स्त्री दोन उभीं चर्मवाद्यें वाजवीत असल्याचें शिल्प आहे. त्याचें छायाचित्र आजकाल ‘दोन हजार वर्षांपूर्वींचा तबला’ म्हणून हातोहात फिरतें. तबल्यावरील शाई, तिच्यामुळें मिळणारा निश्चित स्वर आणि बोटांचे बोल या तीन गोष्टींनीं तबला हा तबला ठरतो. यांपैकीं एकहि गोष्ट दगडांत दिसत नाहीं. जोडीनें ठेवून वाजविण्याचीं चर्मवाद्यें आपल्याकडे फार प्राचीन आहेत, एवढें त्या शिल्पावरून खुशाल म्हणावें; पण आकृतीच्या साम्यावरून एकदम वंशावळ मांडणें म्हणजे नाकाडोळ्यांवरून वारसाहक्क ठरविण्यासारखें आहे. भारहूतच्या शिल्पकारास ही अडचण ठाऊक असावी असें वाटतें. त्यानें नाचणाऱ्या चौघी अप्सरांशेजारीं मिश्रकेशी, सुभद्रा, पद्मावती आणि अलंबुसा अशीं त्यांचीं नांवें स्पष्ट कोरून ठेविलीं आहेत. नर्तकींचीं नांवें आलीं, वादकांचीं मात्र राहिलीं. नांवें लिहितांना वादकांस विसरण्याची ही रीत अशी फार जुनी आहे!

आतां प्रत्यक्ष छायाचित्रणाच्या काळाकडे वळूं. दागेर याच्या शोधाची वार्ता पॅरिसमध्यें १८३९ सालीं जाहीर झाली, आणि सुमारें पंधरा वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत छायाचित्रणाची मंडळी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं होत. म्हणजे ही कला आपल्याकडे उशिरां आली असें म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु तिची तेव्हांची रीत वाद्याला फारशी मानवणारी नव्हती. कांच ओल्या रसायनानें माखावयाची, ती वाळण्यापूर्वीं चित्र घ्यावयाचें व लगेच धुवावयाचें, आणि चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत असल्यामुळें समोरच्या माणसानें तोंवर हालचाल करावयाची नाहीं, असा सारा प्रकार. वादकाला ‘हलूं नका’ म्हणणें म्हणजे वाजवूं नका म्हणणेंच होय! म्हणून त्या काळच्या छायाचित्रांतील सारंगिया गज तारांवर टेकवून नुसता बसलेला असतो, आणि पखवाज्याचे हात पुडीवर मिटून ठेवलेले असतात. आपण ज्याला वादनाचें चित्र समजतों, तें पुष्कळ वेळां वादन थांबविल्याचें चित्र असतें. बोटांच्या ठेवणीवरून जुन्या वादनपद्धतीविषयीं अनुमान काढणाऱ्यानें ही गोष्ट विसरतां कामा नये.

दुसरा दोष यंत्राचा नव्हता, दृष्टीचा होता. सरकारच्या पाठबळानें १८६८ ते १८७५ या वर्षांत आठ भागांत निघालेला ‘दि पीपल ऑफ इंडिया’ हा चारशेंहून अधिक छायाचित्रांचा ग्रंथ त्या काळचा मोठा उद्योग होय. त्यांत माणूस आहे तो मुख्यतः जातीचा वा जमातीचा नमुना म्हणून. त्याचें स्वतःचें नांव, गांव, गुरु, यांची विचारपूस करण्याची गरज संपादकांस क्वचितच भासली. हीच दृष्टि घेऊन वादकांचीं जीं असंख्य चित्रें घेतलीं गेलीं, तीं आज जगभरच्या संग्रहांत ‘एक देशी वादक’ अशा मोघम शब्दांखालीं पडून आहेत. चित्र स्पष्ट आहे, कागद टिकला आहे, पण तो वादक कोण, तें वाद्य कोणी घडविलें, आणि तो कोणाच्या दारीं काय वाजवीत असे, हें सांगणारा कोणीहि उरलेला नाहीं.

याच काळांत एका बंगाली गृहस्थानें निराळा मार्ग धरला होता. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर (१८४०–१९१४) यांनीं १८७१ सालीं संगीताची शाळा काढली, १८७५ सालीं ‘यंत्रकोष’ हा वाद्यांवरील बंगाली ग्रंथ लिहिला, आणि आपल्या वाद्यांचे संच परदेशच्या राजांस व संग्रहालयांस भेटीदाखल पाठविले. १८७६ सालीं बेल्जमच्या राजाकडे गेलेलीं सुमारें शंभर वाद्यें पुढील वर्षीं ब्रुसेल्स येथें स्थापन झालेल्या वाद्यसंग्रहालयास मिळालीं. तेथील पहिले संग्रहाध्यक्ष माहियों यांनीं वाद्यांची जी चतुर्विध वांटणी केली, ती आपल्याकडील तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या नाट्यशास्त्रांतील वांटणीच्या धर्तीवरच आहे. आणि तिच्याच पायावर हॉर्नबॉस्टेल व झाक्स या दोघा पंडितांनीं १९१४ सालीं जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, तें आज जगांतील बहुतेक वाद्यसंग्रहालयांत चालतें. येथें विचार करण्यासारखें आहे तें हें, कीं केवळ शंभर वस्तु गेल्या असत्या तर त्या शंभर नवलाच्या वस्तु म्हणून कपाटांत बसल्या असत्या. वस्तूंमागें विचार होता, म्हणून त्यांनीं जगाच्या शास्त्रांत जागा मिळविली.

कॅप्टन चार्ल्स रसेल डे या लष्करी अधिकाऱ्याचेंहि येथें स्मरण केलें पाहिजे. दक्षिण हिंदुस्थान व दख्खन येथील संगीतावर व वाद्यांवर त्यानें १८९१ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील वाद्यांचीं सुंदर रंगीत चित्रें विल्यम गिब या चित्रकाराच्या हातचीं आहेत. छायाचित्रणाची कला हाताशीं असतां चित्रकार कां, असें कोणी विचारील. पण त्या वेळच्या छायाचित्रांत रंग नव्हता. आणि हस्तिदंती नक्षी, लांकडाचा पोत, भोपळ्यावरील रंगकाम हीं सारीं करड्या-काळ्या छटांत बुडून जात. डे याच्या ग्रंथाचें खरें मोल या चित्रांपेक्षांहि त्यांच्या सोबतच्या मजकुरांत आहे. वाद्य कशाचें करतात, त्याच्या तारा कशा लावतात, तें कोण वाजवितात, हें त्यानें लिहून ठेवलें. पुढें १९०० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील युद्धांत तो पडला. त्याचा ग्रंथ मात्र आजहि अभ्यासकाच्या मेजावर असतो.

छायाचित्राची शक्ति कोठें संपते हें पाहावयाचें असेल, तर फार दूर जावयास नको, मिरजेस जावें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं तेथें तंतुवाद्यें घडविण्याचा धंदा रुजविला. तलवारींचे दिवस सरले होते, आणि पोलादाला सरावलेले हात तारांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भागांत पिकणारे मोठे भोपळे, त्यांना जोडलेला गळा आणि दांडी, वर बसविलेली तबली, खुंट्या, मणी आणि घोडी, या प्रत्येक अंगाचें उत्तम चित्र घेतां येतें. परंतु तंबोऱ्याचा प्राण जो जवारींत असतो, त्याचें चित्र घेतां येत नाहीं. घोडीच्या माथ्यावरील उतार कानशीनें इतका बेतानें घांसावयाचा, कीं तार तिच्यावर निजते असेंहि नव्हे आणि सुटी राहते असेंहि नव्हे. मग तारेखालीं सुताचा धागा सरकवून तिचा नाद जेथें फुलतो ती जागा शोधावयाची. हा उतार डोळ्याला जवळजवळ दिसतच नाहीं. कारागीर तो कानानें घांसतो. चांगली जवारी आणि बिघडलेली जवारी यांचीं छायाचित्रें शेजारीं ठेवलीं, तर फरक सांगणारा विरळा. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाचा कागद आणि छायाचित्र हे दोन्हीं त्या कानशीच्या हाताची जागा घेऊं शकत नाहींत. भातखंड्यांनीं स्वरलिपींत हजारों चिजा लिहून ठेवल्या, म्हणून त्या वांचल्या. तरी केवळ स्वरलिपि वाचून कोणी गवई झाल्याचें आम्ही ऐकलेलें नाहीं. वाद्याच्या बाबतींत छायाचित्राचा अधिकार तेवढाच आहे, आणि तो कांहीं लहान नव्हे.

तो लहान नव्हे असें आम्ही म्हणतों, कारण जेथें डोळ्याचें काम आहे तेथें छायाचित्रासारखा साक्षी नाहीं. रुद्रवीणेचीं जुनीं चित्रें पाहावीं. बीनकार एक भोपळा डाव्या खांद्यावर घेऊन बसलेला दिसतो. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनीं वीणेचे भोपळे व दांडी मोठी करवून घेतली, आणि ती खांद्यावर घेण्याऐवजीं दक्षिणेकडील वीणेप्रमाणें आडवी धरून वाजविण्याची बैठक स्वीकारली. पनवेलजवळ पळस्पे येथील त्यांच्या गुरुकुलांत शिष्यांनीं तिचे धडे घेतले. बैठक बदलली कीं हाताचा कोन बदलतो, हाताचा कोन बदलला कीं मींडेचा पल्ला बदलतो. एका वाद्याच्या आयुष्यांतील असा पालट शब्दांनीं वर्णन करावयास दहा पानें लागतील. दोन छायाचित्रें तो क्षणांत दाखवितात. मात्र त्या दोन्हीं चित्रांखालीं वादकाचें नांव आणि साल असलें पाहिजे. तें नसेल, तर तोच पालट म्हणजे कोणा हौशी माणसाची लहर असा पुढच्या पिढीचा ग्रह व्हावयाचा.

चित्राला नांव आणि गांव असलें म्हणजे काय घडूं शकतें, याचें एक उत्तम उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. आर्नोल्ड बाके (१८९९–१९६३) या डच संगीतपंडितानें १९३० नंतरच्या काळांत हिंदुस्थानभर हिंडून गीतें ध्वनिमुद्रित केलीं, छायाचित्रें घेतलीं आणि मूक चलच्चित्रेंहि घेतलीं. त्यानंतर सुमारें अर्ध्या शतकानें, १९८४ सालीं, नझीर जयराजभाई आणि एमी कॅटलिन हे दोघे तीं चित्रें व ध्वनि घेऊन तामिळनाडु, केरळ व कर्नाटक येथील त्याच गांवीं गेले. आपल्या वाडवडिलांचीं नृत्यें व गाणीं लोकांनीं पुन्हां पाहिलीं-ऐकलीं. काय टिकलें, काय बदललें आणि काय बुडालें याचा ताळा पाहतां आला. बाके यानें कोठें, केव्हां व कोणाचें चित्र घेतलें हें टिपून ठेवलें नसतें, तर ही परतीची यात्रा घडतीच ना. योगायोग असा, कीं ज्या संस्थेच्या उभारणींत जयराजभाईंचा मोठा वाटा होता, ती संगीतविषयक अभिलेखांची संस्था १९८२ सालीं प्रथम पुण्यांत सुरू झाली व मागाहून दिल्लीकडे गेली. संग्रह म्हणजे केवळ सांठा नव्हे; ज्यांचें धन त्यांच्याकडे परत नेण्याची वाट त्यांत मोकळी असली पाहिजे, हा धडा त्या प्रवासानें घालून दिला.

पुण्यांतच, कवि ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं आपल्या दिवंगत पुत्राच्या नांवानें उभारलेलें आणि १९७५ सालीं महाराष्ट्र शासनास अर्पण केलेलें राजा केळकर संग्रहालय आहे. त्यांतील वाद्यांचें दालन वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. एका माणसानें वाडेवाडे, गांवोगांव पायपीट करून या वस्तु अडगळींतून बाहेर काढल्या, हें त्यांचें ऋण फेडतां येण्यासारखें नाहीं. पण अशा कोणत्याहि दालनांत थोडा वेळ उभें राहिलें, कीं कांचेमागील शांतता मनाला लागते. तारा सैल सोडलेल्या असतात, आणि त्या तशा सोडाव्याच लागतात. ताणून ठेवल्या तर दांडी वांकेल. म्हणजे वाद्याचें शरीर टिकवावयाचें तर त्याला मुकें ठेवणें प्राप्त होतें. अशा वेळीं शेजारीं त्याच जातीचें वाद्य वाजवीत असलेल्या हातांचें छायाचित्र असलें, तर पाहणाऱ्या मुलाला निदान इतकें तरी कळेल, कीं ही वस्तु टांगण्यासाठीं नव्हती.

प्रसाराच्या कामीं चित्र किती बळकट आणि त्याच वेळीं किती फसवें असतें, याचें उदाहरण म्हणून तारप्याकडे पाहावें. जिव्या सोमा मशे प्रभृति वारली कलावंतांमुळें तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोंवतीं फेर धरून नाचणारीं माणसें हें चित्र १९७० नंतरच्या काळांत जगभर गेलें. आज तें शहरांतील भिंतींवर, साड्यांवर, चहाच्या पेल्यांवर सर्वत्र दिसतें. परंतु भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचें तें वाद्य, वादक श्वास न तोडतां कसें घटकाघटका वाजवितो, हें त्या पेल्यांतून चहा पिणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं ऐकलें असेल? आकृति घरोघर पोहोंचली आणि आवाज डहाणू-जव्हारच्या डोंगरांतच राहिला. ओळख वाढली हें खरें. पण ओळखीनें वाद्याला नवा वादक मिळाला तरच ती कामाची, नाहीं तर तें वाद्य नक्षी होऊन बसतें. धनुष्याकृति वीणेचें तेंच झालें होतें.

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच आहे, कीं छायाचित्रास त्याचें काम करूं द्यावें आणि दुसऱ्याचें काम त्याच्यावर लादूं नये. वाद्याचें चित्र समोरून, बाजूनें व पाठीमागून घ्यावें. शेजारीं मोजपट्टी ठेवावी. घोडी, खुंट्या, पुडी यांचीं जवळून चित्रें घ्यावीं. कारागिराच्या हाताखालीं तें घडत असतांना टप्प्याटप्प्यानें घ्यावें, आणि वादकाच्या हातांत वाजत असतांना तर अवश्य घ्यावें. आजच्या यंत्रापुढें कोणी निश्चल बसावयास नको आणि त्याच यंत्रांत आवाजहि उतरतो; नारायण दाजींच्या पिढीला जें स्वप्नांतहि मिळालें नसतें, तें आपल्या खिशांत आहे. मग वादकाचें, कारागिराचें, गांवाचें नांव आणि साल लिहून ठेवण्याचा आळस आपण कां करावा?

मध्यमवर्गीय घरांतून आजीचा तंबोरा, आजोबांची बाजाची पेटी, देवघरांतील टाळ-मृदंग यांपैकीं कांहीं ना कांहीं माळ्यावर असतेंच. तें कोणी वाजविलें, कोठून आणलें, हें सांगणारें माणूसहि बहुतेक घरांत अद्यापि एखादें असतें. पण तें थकलेलें असतें, आणि त्याला विचारावयास कोणास सवड नसते. भारहूतच्या शिल्पकारानें दगडावर छिन्नी चालवून चार नांवें राखलीं. आपणांस तर लेखणीच उचलावयाची आहे, आणि तीं नांवें सांगणारें माणूस अजून आपल्या घरांत आहे.